रॅप की अभिनय? क्वीन लतीफाच्या कारकिर्दीवरून बडोद्याच्या एका मुलीला उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. तू बडोद्यात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेस. मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत रॅप लिहितेस आणि करतेस. आता एका वेब मालिकेत तुला बऱ्यापैकी मोठी भूमिका देऊ केली आहे. आई म्हणते, हे रॅपचं वेड पुरे झालं, आता अभिनयाचं मनावर घे. बरोबर रॅप करणारी मुलं म्हणतात, कॅमेऱ्यासमोर गेलीस की तू आमच्यातली राहिली नाहीस. अमेरिकन रॅपर आणि अभिनेत्री क्वीन लतीफा हिने रॅप आणि अभिनय दोन्ही कसं सांभाळलं, आणि त्यातलं तुझ्या उपयोगाचं काय, असं तू विचारलं आहेस.

उत्तर आधी देते. भूमिका घे, रॅप चालू ठेव, आणि सही करण्यापूर्वी करार ओळ न ओळ वाच. आता कारणं सांगते.

मी रंगभूमीसाठी आवाज आणि वाचिक अभिनय शिकवते. त्यामुळे लतीफाकडे मी तारका म्हणून नंतर आणि आवाज म्हणून आधी पाहते. रॅप ही शिडी होती, ती चढून ती सिनेमात गेली आणि मग शिडी ढकलून दिली, अशी तिची गोष्ट बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. समोर कोण उभं आहे हे मनाशी पक्कं करायचं आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायचं, हे एकच कसब तिने माइकवर कमावलं आणि तेच कॅमेऱ्यापुढे वापरलं. दुसरी गोष्ट, विशीत असतानाच तिने आपल्या कामाचे निर्णय आपल्या हाती घेतले. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागून आलं.

तिचं मूळ नाव डेना इलेन ओवेन्स. जन्म १८ मार्च १९७०, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात. वडील पोलिसात, आई शाळेत शिक्षिका. आठ वर्षांची असताना अरबी नावांच्या पुस्तकातून तिने ‘लतीफा’ हे नाव स्वतःसाठी निवडलं. ‘क्वीन’ पुढे रॅप करू लागल्यावर जोडलं. शाळेत ती बास्केटबॉल खेळायची. अंगापिंडाने दणकट, उंच मुलगी, आणि त्या अंगाचा तिला कधी संकोच वाटल्याचं तिच्या कामात दिसत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तूही तुझ्या निरोपात ‘मी हिरॉइनसारखी दिसत नाही’ असं एक वाक्य टाकलं आहेस. ते वाक्य खोडून टाक.

तिची सुरुवात शब्दांपासून झालेली नाही, ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. ‘लेडीज फ्रेश’ नावाच्या मुलींच्या गटात ती बीटबॉक्स करायची, म्हणजे तोंडाने ढोल, स्नेअर, हायहॅट अशा ड्रमसेटमधल्या वाद्यांचे आवाज काढायची. आवाजाची शिक्षिका म्हणून मला याचं फार महत्त्व वाटतं. बीटबॉक्स करणाऱ्याला श्वास कुठे चोरायचा हे कळतं. प, ब, ट, क ही व्यंजनं किती हवा खातात हे ओठांना आणि जिभेला कळतं. लय मोजावी लागत नाही, ती अंगात बसते. नंतर लतीफा जेव्हा शब्द बोलू लागली तेव्हा तिची व्यंजनं अशी काही नेमकी पडतात की मागचं वाद्य बंद केलं तरी ठेका ऐकू येतो. पुढे सिनेमात अगदी हळू बोलतानाही तिचा एकही शब्द गिळला जात नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

तुझी सुरुवात कुठून झाली, याचा विचार कर. तू लहानपणापासून गरब्यात आहेस. हींच, म्हणजे गरब्याचा ताल, सहा मात्रांची असते. रॅपची बीट साधारणपणे चार ठोक्यांची. प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पाडून बोललं की ज्याला रॅपर ट्रिप्लेट म्हणतात तो फ्लो, म्हणजे शब्द म्हणण्याची चाल, तयार होतो, आणि हींच पायात मुरलेल्या मुलीला तो वेगळा शिकावा लागत नाही. मुंबई-दिल्लीच्या मुलांना जे घोटून बसवावं लागतं ते तुझ्याकडे नऊ रात्रींच्या हिशेबात आलेलं आहे. ते लपवू नकोस.

लतीफा रॅपमधली पहिली बाई होती असं म्हणतात, ते खरं नाही. १९७९ साली ‘द सीक्वेन्स’ या तिघींच्या गटाचं गाणं ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं होतं. ‘फंकी फोर प्लस वन’ या गटात शा-रॉक होती. १९८४ साली चौदा वर्षांच्या रॉक्सॅन शांतेने मुलांच्या एका गाजलेल्या गाण्याला उलट उत्तर देणारं गाणं केलं आणि न्यूयॉर्कमध्ये अशा उत्तर-प्रत्युत्तरांची रांगच लागली. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबाची खुमारी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना हा प्रकार लगेच कळेल: समोरच्याचाच ठेका, समोरच्याचाच विषय, आणि त्याच्यावर उलटवलेला शब्द. सॉल्ट-एन-पेपा १९८६ मध्ये आल्या, आणि १९८८ मध्ये एम.सी. लाइटने एकट्या बाईचा पूर्ण रॅप अल्बम काढला. लतीफा यांच्यानंतरची. तिला अग्रणी म्हणायचं ते तिने या जागेचा विस्तार केला म्हणून. रॅप करणारी बाई काय काय होऊ शकते याची हद्द तिने पुढे ढकलली.

तिची चाचणी-ध्वनिफीत डीजे मार्क द फोर्टीफाइव्ह किंगसोबत बनली. ती एमटीव्हीवर रॅपचा कार्यक्रम सादर करणाऱ्या फॅब फाइव्ह फ्रेडीपर्यंत पोहोचली, आणि तिथून टॉमी बॉय या रेकॉर्ड कंपनीकडे. १९८८ मध्ये पहिलं गाणं, १९८९ मध्ये पहिला अल्बम ‘ऑल हेल द क्वीन’. वय एकोणीस. तुझ्याहून लहानच. त्या अल्बममध्ये निव्वळ रॅप नाही: हाउस संगीत आहे, रेगे आहे, थोडं गाणंही आहे. त्यातल्या ‘लेडीज फर्स्ट’मध्ये तिने लंडनच्या मोनी लव्ह या रॅपर मुलीला बरोबर घेतलं. पहिल्याच अल्बमचं महत्त्वाचं गाणं दुसऱ्या बाईबरोबर वाटून घेणं ही साधी गोष्ट नव्हे. त्या काळी एका गटात एकच मुलगी, एका कार्यक्रमात एकच मुलगी असा रिवाज होता आणि मुलींना एकमेकींविरुद्ध उभं करणं सोपं होतं. गाण्याच्या चित्रफितीत हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रूथ, अँजेला डेव्हिस या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या बायकांच्या प्रतिमा येतात, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याची दृश्यं येतात, आणि मध्ये ही मुलगी लष्करी थाटाच्या पोशाखात नकाशावर प्यादी सरकवत उभी. २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत हा अल्बम घेतला. रॅप करणाऱ्या बाईचा त्या यादीतला तो पहिला अल्बम.

तुझ्या गटातली मुलं खरेपणाची भाषा करतात ना? त्यांना विचार, एकोणिसाव्या वर्षी डोक्यावर मुकुट चढवून उभी राहिलेली ती मुलगी खरी की भूमिका? दोन्ही. राणीचा तो अवतार तिने रचला, त्यासाठी चाल, कपडे, मान उचलण्याची पद्धत ठरवली, आणि मग त्यात मनापासून बोलली. अभिनय तिथेच सुरू झाला होता, कॅमेरा नंतर आला.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या गाण्याकडे येते. दुसऱ्या अल्बमनंतर टॉमी बॉयशी तिचं नातं संपलं. १९९२ मध्ये तिचा भाऊ मोटरसायकलच्या अपघातात गेला. ती मोटरसायकल तिनेच त्याला घेऊन दिली होती. तिची किल्ली ती पुढे कित्येक वर्षं गळ्यात घालायची. या दुःखातून १९९३ चा ‘ब्लॅक रेन’ हा अल्बम आला, मोटाऊन कंपनीकडून, भावाला अर्पण केलेला. त्यातलं ‘युनिटी’ हे गाणं, ज्याला १९९५ मध्ये एकल रॅप सादरीकरणाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

हे गाणं तू अनेकदा ऐकलं असशील. आता माझ्या सांगण्यावरून कागद-पेन्सिल घेऊन ऐक. तीन कडवी आहेत. पहिल्यात उन्हाळ्याचा दिवस, ती रस्त्याने चाललेली, मुलांच्या घोळक्यातला एक जण तिच्या अंगाला हात लावतो आणि ती वळून उभी राहते. दुसऱ्यात घरात मार खाणारी बाई बोलते, आणि आता इथे राहायचं नाही हे ठरवते. तिसऱ्यात टोळीगिरीचा आव आणणाऱ्या एका तरुण मुलीशी ती बोलते, मोठ्या बहिणीने बोलावं तसं. तीन कडवी, तीन प्रसंग, आणि ऐकणारा प्रत्येक वेळी वेगळा: रस्त्यावरचा टवाळ, घरातला नवरा किंवा मित्र, वाट चुकलेली मुलगी. प्रत्येक वेळी तिच्या आवाजाचं अंतर बदलतं. टवाळासाठी आवाज चार हातांवर फेकलेला आहे. घरातल्या कडव्यात तो जवळ येतो, जड होतो. तिसऱ्यात कान धरल्यासारखा. धृवपद जवळजवळ गुणगुणत म्हटलेलं, कडवी बोलण्याच्या पट्टीत. आणि मध्ये एकच प्रश्न असा आहे की तो ती पूर्ण आवाजात विचारते. एकदाच जोर लावला म्हणून तो लागतो. नवशिके रॅपर पहिल्या ओळीपासून ओरडतात, मग चढायला जागाच उरत नाही.

माझ्या वर्गात नाटकाचा उतारा बसवताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे कोणाला सांगते आहेस? ‘प्रेक्षकांना’ हे उत्तर मी घेत नाही. प्रेक्षक नावाचा कोणी माणूस नसतो. लतीफाच्या गाण्यात हा प्रश्न आधीच सुटलेला असतो, आणि म्हणून तिला संवाद म्हणणं वेगळं शिकावं लागलं नसणार असं मला वाटतं. १९९१ मध्ये दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या ‘जंगल फीव्हर’ या सिनेमात तिला हॉटेलातल्या वाढपीणीची छोटीशी भूमिका मिळाली. कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या बाईला घेऊन जेवायला आला आहे, ते हिला खपत नाही, आणि ती ते तोंडावर सांगते. दृश्य लहान आहे, पण ज्याने ‘युनिटी’ नंतर ऐकलं त्याला तीच बाई ओळखू येते.

आईसाठी आणि तुझ्या मित्रांसाठी, दोघांसाठी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे: १९९३. त्या वर्षी ऑगस्टमध्ये फॉक्स वाहिनीवर ‘लिव्हिंग सिंगल’ ही मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षी ‘ब्लॅक रेन’ आला. म्हणजे तिचं सर्वांत गाजलेलं रॅप आणि सर्वांत लोकप्रिय मालिका एकाच वेळी चालू होती. आधी हे आणि मग ते, असा क्रम नव्हता. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या कृष्णवर्णीय तरुण मित्रमैत्रिणींची ही मालिका, आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेली ‘फ्रेंड्स’ सुरू होण्याच्या एक वर्ष आधीची. १९९८ पर्यंत चालली. तिने खदिजा जेम्सची भूमिका केली, स्वतःचं मासिक चालवणारी संपादक. मालिकेचं शीर्षकगीतही तिचंच.

१९९६ चा ‘सेट इट ऑफ’ हा तिचा अभिनय पाहायचा असेल तर आधी पाहण्याचा सिनेमा. चार मैत्रिणी परिस्थितीने गांजून बँक लुटायला निघतात. त्यातली क्लिओ ही लतीफा. धसमुसळी, बेफिकीर, मुलीवर प्रेम करणारी. १९९६ मध्ये एका लोकप्रिय मालिकेच्या नायिकेने ही भूमिका घेणं जोखमीचं होतं. तिने क्लिओला बिचारी केलं नाही आणि राक्षसही केलं नाही. त्या कामासाठी तिला इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्काराचं नामांकन मिळालं. १९९८ मध्ये ‘लिव्हिंग आउट लाउड’मध्ये ती जॅझ गायिका झाली आणि पडद्यावर नीट गायली, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की हिला सूरही आहे.

मग २००२ चा ‘शिकागो’. तुरुंगातली मेट्रन, मामा मॉर्टन. या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार त्याच सिनेमातल्या कॅथरीन झीटा-जोन्सला गेला. हिप-हॉपमधून आलेल्या बाईला अभिनयासाठी मिळालेलं ते पहिलं ऑस्कर नामांकन. तिचं त्यातलं गाणं तू आवाजासाठी पाहा. ती जागची फारशी हलत नाही. नजर आणि शब्दांच्या शेवटी सोडलेली किंचित फुरसत, एवढ्यावर ती सगळी खोली ताब्यात घेते. तुला इतक्या वेगाने बोलायची सवय आहे की शब्दानंतर थांबायची भीती वाटत असेल. रॅपमध्ये ती भीती चालून जाते. कॅमेऱ्यापुढे लगेच दिसते.

त्यानंतरचा सगळा प्रवास सांगत बसत नाही. विनोदी सिनेमे आले, काही चांगले, काही अगदी सुमार. २००३ च्या ‘ब्रिंगिंग डाउन द हाउस’ने पैसा भरपूर मिळवला, पण त्यातली पात्रं साच्यातली आहेत अशी टीका झाली आणि मला ती टीका योग्य वाटते. २००७ मध्ये ‘हेअरस्प्रे’, त्याच वर्षी एचबीओचा ‘लाइफ सपोर्ट’, ज्यात एचआयव्हीबाधित कार्यकर्तीच्या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब मिळाला. २०१५ मध्ये ‘बेसी’, १९२० च्या दशकातली थोर ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिच्यावरचा. यात तिने मुख्य भूमिका केली आणि निर्मातीही होती. सर्वोत्तम दूरचित्रवाणी चित्रपटाचा एमी पुरस्कार त्याला मिळाला. २०२१ ते २०२५ ‘द इक्वलायझर’ ही मालिका. हॉलिवूडच्या वॉक ऑफ फेमवर २००६ मध्ये तारा मिळवणारी ती हिप-हॉपमधली पहिली कलावंत, आणि २०२३ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान मिळालेली पहिली स्त्री रॅपर.

याची किंमतही होती आणि ती तुला आजच कळलेली बरी. १९९८ च्या ‘ऑर्डर इन द कोर्ट’नंतर तिचा रॅप विरळ झाला. २००४ चा ‘द डेना ओवेन्स अल्बम’ जॅझ आणि सोल गाण्यांचा आहे, सुरेख आहे, पण रॅपचा नाही. २००९ मध्ये ती रॅपकडे परतली तेव्हा मधल्या काळात रॅपची भाषा, वेग, विषय सगळं पुढे गेलं होतं, आणि तो अल्बम मला आजही उपरा वाटतो. रॅप ही रोज बोलली जाणारी गोष्ट आहे. दहा वर्षं बाहेर राहिलं की उच्चार परका होतो. तुझे मित्र ‘आमच्यातली राहिली नाहीस’ म्हणतात त्यात तथ्य एवढंच आहे. शूटिंगच्या दिवसांतही रोज चार ओळी लिहिल्यास आणि महिन्यातून एकदा त्यांच्यात जाऊन उभी राहिलीस, तर ते तथ्यही उरणार नाही.

आईबद्दल. तिला चूक ठरवू नकोस. बडोद्यात मराठी घरांत गाण्या-नाटकाला मान आहे, पण तो स्थिरावलेल्या गाण्याला आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ मध्ये मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली, तिचीच पुढे परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखा झाली. सूरसागर तलावासमोरची ती इमारत आई रोज पाहते. तिला हिराबाई बडोदेकरांची आठवण करून दे. बाईंनी किराणा घराण्याची गायकी मैफलीत मांडली, संगीत नाटकांत भूमिका केल्या, आणि भावंडांना घेऊन स्वतःची नाटक कंपनी चालवली. चांगल्या घरच्या बाईने तिकीट लावून गावं का, यावर तेव्हा लोक कुजबुजत होते. गाणं, भूमिका आणि व्यवहार, तिन्ही एकाच बाईने केल्याचं उदाहरण आईच्या ओळखीचं आहे, लतीफाचं नसेल. एकदा ‘युनिटी’चं दुसरं कडवं तिला मराठीत समजावून सांग. घरात मार खाणाऱ्या बाईचं बोलणं तिला परकं वाटणार नाही.

आता व्यवहार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच लतीफाने शाकिम काँपेअर या आपल्या मित्राबरोबर ‘फ्लेवर युनिट’ची कंपनी उभी केली. सुरुवातीला इतर कलावंतांचं व्यवस्थापन. ‘नॉटी बाय नेचर’ हा गट त्यांच्याच हाताखाली मोठा झाला. पुढे हीच कंपनी सिनेमे आणि मालिका बनवू लागली. भूमिका मिळेपर्यंत वाट पाहणाऱ्या अभिनेत्रीला जे कधी मिळत नाही ते तिला मिळालं: ‘बेसी’सारखा विषय स्वतः निवडण्याची ताकद. तिला रॅपने सवय लावली होती की शब्द माझे, तर त्याचा हिशेबही माझा.

तुझ्यासमोर आता एक करार आहे, आणि तू लिहिलं आहेस की त्या मालिकेत तुझं पात्र रॅप करतं आणि ते रॅप तूच लिहायचे आहेत. म्हणजे तू तिथे दोन कामं करते आहेस: अभिनय आणि गीतलेखन. दोन्हीचे पैसे वेगळे मागायचे, आणि दोन्हीची कलमं वेगळी लिहून घ्यायची. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने गीतलेखकाला मोठं संरक्षण दिलं आहे: चित्रपटासाठी लिहिलेल्या शब्दांचा सिनेमागृहाबाहेर जो वापर होईल त्याच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही, करारात तसं लिहिलं तरी ते चालत नाही. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणून ‘कायमचे आणि जगभर’ असे शब्द कुठे दडले आहेत का ते शोध. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची सभासद हो. आणि सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते अशा कलमावर, ज्यात अमुक काळ तू दुसरीकडे ‘सादरीकरण’ करणार नाहीस असं म्हटलेलं असतं. त्यात तुझा रॅप येतो की नाही, हे स्पष्ट लिहून घे. माध्यम-करार पाहणाऱ्या वकिलाला एकदा दाखव. त्याची फी ही या वर्षातली तुझी सर्वांत शहाणी खरेदी ठरेल.

लेखनाबद्दल थोडं, कारण तू पाठवलेले दोन तुकडे मी वाचले. तिन्ही भाषांत तुझी एकच अडचण आहे. मराठीत वाक्य ‘आहे’वर संपतं, गुजरातीत ‘छे’वर, हिंदीत ‘है’वर, आणि तू यमक तिथेच जुळवतेस. क्रियापदावर जुळलेलं यमक फुकट मिळतं, म्हणून ऐकणाऱ्याला त्याची किंमत वाटत नाही. बोलताना आपण क्रियापद आधी आणतोच: ‘आले मी मांडवीतून’, ‘दिली त्याने हूल’. तसं लिही, म्हणजे ओळीच्या शेवटी नाम येईल, वस्तू येईल, जागा येईल, आणि यमक तिच्यावर बसेल. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर आपोआप जड होतं. ते ठोक्यावर पडेल असं बसव. तिन्ही भाषा एकाच कडव्यात मिसळतेस तेव्हा भाषा का बदलली याला कारण हवं. दांडिया बाजारातल्या आजीशी मराठी, रिक्षावाल्याशी गुजराती, मुलाखत घेणाऱ्याशी हिंदी: ऐकणारा बदलला म्हणून भाषा बदलली. हे जमलं तर तुझं रॅप हे बडोद्यातच लिहिलं जाऊ शकतं असं होईल.

शूटिंगपर्यंतच्या सरावासाठी एवढं कर. तुझं सर्वांत चांगलं कडवं घे आणि प्रत्येक चार ओळींच्या बाजूला ऐकणाऱ्याचं नाव लिही, खऱ्या माणसाचं. मिनिटाला नव्वद ठोक्यांच्या गतीत चार बार म्हणजे सोळा ठोके, साडेदहा-अकरा सेकंद. तेवढे एका श्वासात म्हणून बघ, मग कुठे चोरून श्वास घ्यायचा त्या जागा पेन्सिलने खूण कर. नंतर तेच कडवं बीटशिवाय, खुर्चीत बसून, टेबलापलीकडच्या एका माणसाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हण. आवाज खाली आणलास तरी व्यंजनं सैल सोडायची नाहीत. फोनवर चित्रित कर आणि आवाज बंद करून बघ: डोळे एका जागी स्थिर आहेत की फिरताहेत? फिरत असतील तर ऐकणारा अजून ठरलेला नाही. ते चित्रण आणि कराराचं ते एक कलम, दोन्ही मला पाठव, सही त्यानंतर कर.